उजव्या मांडीवरची थाप

हणमंत मोहिते दारातून सरळ बाहेर पडला, असं मी फार कमी वेळा पाहिलं. आखातात, अल वक्रातल्या आम्हा कामगारांच्या व्हिलात सकाळी सगळ्यांची घाई असायची. बूट घालून, डबा हातात घेऊन हा उंबऱ्यापाशी यायचा आणि थांबायचा. गुडघे किंचित वाकलेले, मान खाली, नजर समोरच्या फरशीवर. श्वास चालू आहे की नाही तेही कळायचं नाही. मागे आमची रांग खोळंबलेली. मग एकदम त्याच्या उजव्या मांडीवरचं कापड दबल्यासारखं व्हायचं, मान सावकाश वर यायची आणि हा सहा फुटी गडी असा सुटायचा की समोर कुणी असलंच तर आडवं व्हावं.

"यल्ला, हणमंतराव! बस काय तुमच्या मुहूर्ताला थांबणार आहे?" मी मागून ओरडायचो.

"सुटलो की ओ, आग्नेलभाऊ," तो बसमध्ये चढता चढता म्हणायचा. "बिनथापंचं कसं सुटायचं?"

मी वसईचा. हमद पोर्टवर एका ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये बसतो. हेल्मेट, हातमोजे, सळ्या, त्या आवळायच्या बिरड्या द्यायच्या आणि परत घ्यायच्या, हे माझं काम. हणमंत लॅशिंगवाला, म्हणजे जहाजावर रचलेले कंटेनर लोखंडी सळ्यांनी आवळून बांधणाऱ्यांपैकी. कऱ्हाडकडचा, तालमीतला. आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. चर्चमध्ये जातो, पण तिथेही मला फादरच्या प्रवचनापेक्षा पंख्याखालची जागा महत्त्वाची वाटते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं मी जसं पाहिलं तसंच सांगणार आहे.

त्याची आणखी एक खोड होती. कुठलीही वस्तू तो सरळ हातात देत नसे. वाकायचा आणि दोन पायांमधून ती मागे फेकायचा, न बघता. ड्युटी संपली की स्टोअरच्या खिडकीकडे पाठ करून तो हेल्मेट मागे फेकी आणि ते नेमकं माझ्या छातीशी येऊन थांबे. पहिल्यांदा मी शिव्या घातल्या. नंतर सवयीने झेलायला लागलो. घरी स्वयंपाक इक्बालभाई करायचे. ते रत्नागिरीकडचे, पोर्टवर ट्रेलर चालवायचे आणि आमच्यात वयाने मोठे. त्यांना कांदे, बटाटे, एकदा तर तेलाची भरलेली बाटलीही त्याने तशीच पोचवली.

"अरे, मागे बघ तरी मेल्या! मी नसलो तर?" इक्बालभाई ओरडले.

"मागं बघायचं नसतं, चाचा. मागं माणूस असतोयच."

हे तो इतकं सहज म्हणाला की इक्बालभाईंनीच मागे वळून पाहिलं.

बसमध्ये त्याच्या उजवीकडची सीट रिकामी असायची. जेवायला बसला की उजवीकडच्या खुर्चीवर तो आपला टॉवेल पसरून ठेवी. कुणी चुकून तिथे बसलं तर भांडत नसे, स्वतः ताट घेऊन उठायचा आणि उभ्याने जेवायचा. नवीन माणूस एकदाच चुकायचा.

त्याची हकिगत मला एका शुक्रवारी दुपारी कळली. बाहेर ऊन इतकं की अंगणातल्या नळाला हात लावायची सोय नव्हती. आम्ही दोघं लसूण सोलत होतो. इक्बालभाई नमाजाहून यायचे होते. मी सहज विचारलं, "तू नक्की काय खेळायचास रे? कुस्ती की कबड्डी?"

"फुटबॉल. अमेरिकेचा," तो म्हणाला. "पगारी खेळाडू हुतो मी. आपल्या देशात ह्यो खेळ पगारावर खेळणारे पयले जे गडी, त्यातला मी एक."

मला हसू आलं. तो हसला नाही.

त्याच्या तालमीत एक दिवस गाडीतून माणसं आली होती. खांदे मोजले, मांड्या मोजल्या, पळायला लावलं. नवीन स्पर्धा निघते आहे, टीव्हीवर दाखवणार, असं सांगितलं. हणमंतला निवडलं आणि त्याच्याबरोबर त्याचा जोडीदार दिलीप, म्हणजे दिल्या, यालाही. दोघं एका आळीतले, एकाच मातीत लोळलेले. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, डोक्यावर जाळीचं हेल्मेट, खांद्यांवर कवच. हणमंत सेंटर झाला. सेंटर म्हणजे मधला. डाव सुरू करायचा तो त्यानेच. चेंडूवर वाकायचं आणि दोन पायांमधून तो मागच्या भिडूला द्यायचा. तोवर रांगेतल्या कुणी हलायचं नाही, हलला की दंड. दिल्या त्याच्या उजव्या अंगाला.

"आणि थाप?" मी विचारलं.

"त्ये आवाजापायी."

मैदान दक्षिणेतल्या एका शहराबाहेर भाड्याने घेतलेलं होतं. मोठ्ठं, चहूबाजूंनी पायऱ्या, आणि पायऱ्यांवर एकही माणूस नाही. तिकिटं काढलीच नव्हती. सगळे सामने तिथेच उरकून घ्यायचे, चित्रीकरण करायचं आणि लोकांचा गोंगाट मागाहून भरायचा, असं ठरलेलं. कॅमेऱ्यांवरचा साहेब रोज सांगे, की प्रचंड आवाज आहे असं समजा. कानावर हात ठेवा. एकमेकांना ऐकू येत नाही असं दाखवा. खऱ्या गर्दीत मागच्या भिडूची हाक सेंटरला ऐकू येत नाही, म्हणून शेजारचा गडी मागे बघतो आणि भिडू तयार झाला की सेंटरच्या मांडीवर थाप देतो. तशी थाप यांनाही शिकवली. त्या सुनसान मैदानात, जिथे कावळा ओरडला तरी घुमायचं, हे सगळे कानांवर हात ठेवून थापेची वाट बघत वाकलेले असायचे.

"पयल्यांदा हसू यायचं," हणमंत म्हणाला. "मग महिनाभरानं आवाज याया लागला."

"कुठून?"

"पायऱ्यांवरनं. मलाच न्हाय, दिल्याला बी. आम्ही कुणाला सांगितलं न्हाय. आवाज न्हाय म्हंजी माणसं न्हाईत, असं नसतं, भाऊ. आनि माणसं न्हाईत म्हंजी आवाज न्हाय, असं बी नसतं."

लसणाची टरफलं पंख्याच्या वाऱ्याने फरशीवर पळत होती. मी उठून पंखा कमी केला.

शेवटचा सामना अगदी रंगात आला होता. दिल्याच्या डोक्याला धडक बसली. उठला, हसला, बरा आहे म्हणाला. पण पाय अडखळत होते, म्हणून त्याला बाहेर काढलं. हणमंतने त्याला म्हटलं, "जा, वर पायऱ्यांवर सावलीत बस. मॅच संपली की हाक मारतो, मंग जाऊ." दिल्या टॉवेल डोक्यावर घेऊन वर गेला आणि मधल्या एका पायरीवर बसला. त्या अख्ख्या मैदानातला एकुलता एक प्रेक्षक. त्याच्या जागी एक नवखा गडी आला. हणमंत चेंडूवर वाकला, थाप आली, त्याने चेंडू दिला. त्या डावात यांना गुण मिळाले. सगळे नाचायला लागले. नवखा गडी मात्र तिथेच उभा.

तो म्हणाला, "तू चेंडू कसा दिलास? मी थाप द्यायला विसरलो होतो."

हणमंतने वर पाहिलं. दिल्या बसलेलाच होता, टॉवेल डोक्यावर, मान खाली. नाचताना कुणीतरी पायऱ्यांवर भिरकावलेला चेंडू आणायला गेलेला माणूस त्याच्याजवळ थांबला, वाकला आणि ओरडत खाली आला. दिल्या बसल्या जागी गेला होता.

खेळ तिथेच थांबला. उरलेला डाव कुणी खेळला नाही. पंचांनी शेवटची शिट्टी वाजवलीच नाही. थोड्याच दिवसांत ती स्पर्धाही गुंडाळली गेली.

"काही महिन्यांनी त्यो सामना टीव्हीवर दावला," हणमंत सांगत होता. "तालमीत समदं गाव बसलेलं. काय गर्दीचा आवाज! पोरं म्हनली, लाखभर मानूस आसंल. दिल्याची आय पुढं बसली हुती. मला म्हनली, हणमा, माझा दिल्या कुठं बसला हुता रं? टीव्हीत पायऱ्या दिसतच न्हवत्या. मी टीव्हीच्या वरच्या भिंतीकडं बोट केलं. म्हनलं, तितं. म्हातारी शेवटपत्तुर त्या भिंतीकडं बघत बसली."

"आणि शिट्टी?"

"मी कान लावून हुतो. न्हाय वाजली. आवाज बारीक बारीक झाला आन जायरात लागली." त्याने सोललेली पाकळी वाटीत टाकली. "म्हंजी त्याच्या लेखी सामना चालूच हाय. मी हाक मारतो म्हनलं हुतं. सामना संपल्याबगर कशी मारू? त्यो बसलाय तसाच."

मला खूप वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदमच. मी म्हटलं, "डोक्याला मार लागतो त्या खेळात. डॉक्टरला दाखवायला हवं."

"दावलं की. तुझ्या बी डोस्क्याला मार बसलेला हाय, म्हनला. आसंल. पन थाप डोस्क्यावर पडत न्हाय, भाऊ. मांडीवर पडतीय."

इक्बालभाईंना मी हे सांगितलं. ते व्यवहारी माणूस. दुसऱ्या दिवशी हणमंत दारात थांबला तेव्हा त्यांनी मागून जाऊन त्याच्या मांडीवर चांगली सणसणीत थाप मारली. हणमंत हलला नाही. पुन्हा मारली. तो तसाच वाकलेला.

थोड्या वेळाने आपला आपण सुटला आणि बसमध्ये बसल्यावर म्हणाला, "चाचा, हात येगळा हाय."

इक्बालभाई दिवसभर आपला हात बघत होते.

पोर्टवर त्याच्याबद्दल बोलणं सुरू झालं ते त्या वसंतात. एक जहाज लागलं होतं. टोळी जहाजाच्या कडेने चालली होती, हणमंत सगळ्यात पुढे. मध्येच थांबला. तेच वाकलेले गुडघे, तीच खाली मान. मागचे वैतागले, फोरमन हिंदीतून ओरडला. एवढ्यात वरच्या थरावरून कुणाच्या तरी हातची लांबलचक सळी सुटली आणि पुढच्या पावलावर, जिथे हणमंत असायला हवा होता, तिथे आपटली. ठिणग्या उडाल्या. सगळे गारठले. हणमंतची मांडी दबली, मान वर आली, त्याने सळी ओलांडली आणि पुढे गेला. त्या दिवसापासून नेपाळी, बंगाली, केरळी, सगळे त्याच्या मागेच चालायला बघायचे. फक्त त्याच्या उजव्या बाजूने कुणी चालत नसे. कुणी सांगितलं नव्हतं, तरी नसे.

मी मात्र त्याचा चेहरा पाहत होतो. जीव वाचल्याचं समाधान त्यावर नव्हतं. खोलीत आल्यावर म्हणाला, "किती दिस राबवायचं त्याला? ऊन म्हनत न्हाय, पाऊस म्हनत न्हाय, बसलाय आपला पायरीवर. माझ्यापायी बसलाय. त्याला घरी न्याया पायजे, भाऊ." ते बोलताना त्याचे डोळे भरून आले. तेव्हा मला कळलं की हा माणूस भ्यायलेला नाही, तो दिलेल्या शब्दाखाली दबलाय.

माझी चुलतबहीण अल दुहैलच्या एका शाळेत ऑफिसात आहे. तिच्या बोलण्यात आलं, की शुक्रवारी शाळेच्या मैदानावर काही अमेरिकन लोक त्यांचा तो फुटबॉल खेळतात. मी हे हणमंतला सांगितलं. त्याने त्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

खेळ घेणारा माणूस म्हणजे मिस्टर कोल, शाळेतले व्यायामाचे मास्तर. म्हातारे, लालबुंद, गळ्यात शिट्टी. मी इंग्रजीतून ओळख करून दिली, की हा भारतातला सुरुवातीचा व्यावसायिक खेळाडू. मला वाटलं हसतील. त्यांनी हणमंतला खालपासून वर पाहिलं आणि विचारलं, "पोझिशन?"

"सेंटर, सर."

मिस्टर कोलनी टोपी काढली. त्या मैदानावर, एवढ्या उन्हात, टोपी काढून त्यांनी हात पुढे केला. हणमंतला पगारी खेळाडू म्हणून मान देणारा, मी पाहिलेला तो पहिला आणि शेवटचा माणूस. मग मी आमची मागणी सांगितली. एक सामना अर्धा राहिलाय. त्यातला शेवटचा डाव खेळायचा आहे आणि शिट्टी वाजवायची आहे. का, ते मी सांगितलं, पण भुताचं वगळून. टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत ते म्हणाले, "त्याच्या उजवीकडे कोण उभं राहणार?"

"कुणी न्हाय," हणमंत म्हणाला. त्याला इंग्रजी तेवढं कळलं होतं.

खेळणारे लोक काही न विचारता उभे राहिले. उजवीकडची जागा मोकळी. मैदानाच्या एका अंगाला पायऱ्या होत्या, तिथे मी आणि इक्बालभाई बसलो होतो. बाकी सगळ्या रिकाम्या. हणमंत चेंडूवर वाकला. लांबच्या रस्त्यावरचा गाड्यांचा आवाज येत होता, तो एकाएकी ऐकू येईनासा झाला. मला माझ्याच कानात दडे बसल्यासारखं वाटलं. खाली पाहिलं तर समोरच्या रांगेतल्या एका दणकट अमेरिकनाने कानावर हात ठेवला होता. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. इक्बालभाईंनी माझं मनगट धरलं.

हणमंतच्या मांडीवरचं कापड दबलं. मी पाहिलं. इक्बालभाईंनीही पाहिलं. त्याची मान वर आली, चेंडू मागे गेला, रांगा एकमेकींवर आदळल्या, आणि मिस्टर कोलनी लांबलचक शिट्टी वाजवली.

गाड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. हणमंत धापा टाकत पायऱ्यांपाशी आला. आमच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. आमच्या मागे, वर कुठेतरी बघून त्याने हाक मारली, "दिल्या! संपली मॅच. चल, घरला जाऊ."

मी मागे वळून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

त्यानंतर थाप थांबली. आम्हाला वाटलं होतं की तो आता मोकळा होईल, इतरांसारखा दारातून सरळ चालेल. तसं झालं नाही. तो थांबायचा तसाच थांबे, आणि सुटत नसे. सकाळी आम्ही दोघं त्याला दंडाला धरून बसपर्यंत न्यायचो. टॉवेल त्याने घडी करून बॅगेत ठेवला. बसमध्ये उजवीकडे कुणी बसलं तरी चालायचं. पायांमधून कांदे फेकणं बंद झालं. इक्बालभाईंनी मुद्दाम मागे उभं राहून मागितले, तर त्याने वळून नीट हातात दिले. त्या दिवशी इक्बालभाई जेवले नाहीत.

"गेला त्यो," हणमंत म्हणायचा. "बरं झालं. सुटला बिचारा." आणि मग भिंतीकडे बघत राही.

हिवाळ्यात एका सकाळी पोर्टवर धुकं उतरलं. हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं, सगळ्या गाड्या दिवे लावून मुंगीच्या पावलाने चाललेल्या. इक्बालभाईंच्या ट्रेलरसमोर धुक्यात एक आकृती आली. वाकलेले गुडघे, खाली मान. त्यांनी ब्रेक मारला. ट्रेलर थांबला तेव्हा त्याचं नाक हणमंतच्या खांद्याला टेकलं होतं. हणमंत हललाही नव्हता. इक्बालभाई खाली उतरले, त्याला मिठी मारून रस्त्याकडेला आणलं आणि तिथेच बसून लहान मुलासारखे रडले.

कंपनीच्या डॉक्टरने डोक्याचे जुने मार असं निदान केलं आणि पोर्टच्या कामाला अयोग्य ठरवलं. खलास. त्याला घरी पाठवायचं ठरलं. मला वाटलं तो विनवण्या करील. तो म्हणाला, "बरंच झालं. दिल्याची आय एकटी हाय. तिला जाऊन सांगतो की सामना संपला."

विमानतळावर मी आणि इक्बालभाई सोडायला गेलो होतो. आत जायच्या दाराशी मी त्याच्या हातात तिकीट दिलं. मिठी मारली. इक्बालभाईंनी खजुराचा डबा दिला. तो वळला, दारापर्यंत गेला आणि थांबला. गुडघे वाकले, मान खाली. मागची माणसं वळसा घालून पुढे जायला लागली. एका बाईने त्याच्याकडे वळून पाहिलं. आता दंडाला धरून नेणारं आत कुणी नव्हतं, आणि आम्हाला दाराच्या आत जाता येत नव्हतं. विमान चुकलं तर? वाटेत मुंबईला असाच उभा राहिला तर? एसटीच्या रस्त्यावर राहिला तर?

उपयोग नाही हे माहीत असूनही मी पुढे झालो. त्याच्या मागे गेलो, उजव्या अंगाने हात पुढे केला.

माझा हात अजून त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. त्याच्या मांडीवरचं कापड दबलं. नेहमीसारखंच, चार बोटांचा दाब पडावा तसं. त्याची मान सावकाश वर आली. तो सुटला नाही, एवढंच वेगळं. त्याने आधी उजवीकडे पाहिलं, खांद्याच्या उंचीवर, आणि असा हसला की आमच्या व्हिलात इतकी वर्षं राहूनही तसं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"आलास व्हय?" तो म्हणाला. "चल."

मग तो चालत आत गेला. घाई नव्हती. उजवीकडे एका माणसापुरती जागा सोडून.